शर्यतीच्या मोटारसायकलचे कवच

(तृतीय वर्ष, कला शाखा)

मोटारसायकलचा विषय निघाला की आपल्या कट्ट्यावरची चर्चा तीन प्रश्नांनी सुरू होते : इंजिन किती सीसीचे, वेग किती आणि किंमत किती? बहुतेक वेळा ती तिथेच संपते. २०२३च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतात प्रथमच मोटोजीपीची शर्यत झाली, तेव्हाही आपण सर्वांनी चर्चा केली ती वेगाचीच. त्या गाड्यांच्या अंगावर जे रंगीत, गुळगुळीत कवच असते, ते गाडीला कशाने धरून राहते, हा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही. प्रस्तुत लेख त्याच प्रश्नाविषयी आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव कशाला, अशी शंका काही प्राध्यापकांना येईल. तिचे उत्तर सोपे आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या मावसभावाचे लहानसे गॅरेज आहे आणि माझ्या सुट्ट्या तिथेच जातात. दादाकडे सहाशे सीसीची, चार सिलिंडरची एक जुनी मोटारसायकल आहे. ती रस्त्यावर फिरत नाही. वर्षातून दोन-तीन वेळा ती टेम्पोत चढवून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर नेतात. तिचे कारखान्यातून आलेले कवच उतरवून शर्यतीचे कवच बसवण्याचे काम मी अगदी जवळून पाहिले आहे. पाने, वॉशर आणि टॉर्च हातात देण्याइतका त्यात भागही घेतला आहे. त्यातून जे उमगले ते सांगतो.

कवच कशासाठी?

या कवचाला सर्वत्र ‘फेअरिंग’ म्हणतात. हवा कापणे हे त्याचे पहिले काम. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. त्यामुळे एका मर्यादेपलीकडे इंजिन मोठे करण्यापेक्षा गाडीचा आकार निमुळता करणे अधिक फायद्याचे ठरते. इटलीच्या मोटो गुझ्झी कंपनीने हे फार लवकर ओळखले. मांदेल्लो देल लारिओ येथील आपल्या कारखान्यात तिने १९५०च्या सुमारास संपूर्ण मोटारसायकल स्वारासह उभी राहील एवढा वायुबोगदा बांधला. पुढचे चाकही झाकून टाकणाऱ्या कवचाच्या जोरावर तिची आठ सिलिंडरची गाडी १९५७ साली ताशी २७० किलोमीटरच्या पुढे गेली. कचरापेटीसारख्या आकारामुळे या कवचांना ‘डस्टबिन फेअरिंग’ असे नाव पडले होते. परंतु बाजूने वारा आला की हीच कवचे शिडासारखी भरत आणि गाडी वाटेबाहेर ढकलली जाई. अखेर आंतरराष्ट्रीय मोटारसायकल संघटनेने १९५८च्या हंगामापासून त्यांच्यावर बंदी घातली. तेव्हापासून शर्यतीच्या गाडीचे पुढचे चाक उघडे दिसते.

शर्यतीच्या गाडीत कवचाला आणखी एक काम असते आणि ते बाहेरून दिसत नाही. कवचाचा खालचा भाग म्हणजे इंजिनाखाली धरलेली एक परातच असते. इंजिन फुटले तर आतले ऑईल आणि पाणी ट्रॅकवर सांडू नये, ते तिथेच साठावे, यासाठी ती असते. इंजिनातील एकूण ऑईल आणि पाणी यांपैकी निदान निम्मे या भागात मावले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय सुपरबाईक शर्यतींचा नियम आहे. त्याच्या तळाशी पाणी जाण्यासाठी भोक असते. ते कोरड्या दिवशी बुचाने बंद ठेवायचे आणि पावसात उघडायचे. स्वतःच्या गाडीचा हा भाग नीट बसवायचा, तो मुख्यतः मागून येणाऱ्याचे चाक घसरू नये म्हणून.

कारखान्याचे कवच का बदलावे?

रस्त्यावरच्या गाडीचे कवच एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचे असते. ते अनेक तुकड्यांत येते आणि ते तुकडे खाचा, खिळे व स्क्रू यांनी एकमेकांत अडकवलेले असतात. त्यात दिवे असतात, सिग्नल असतात. ट्रॅकवर या कशाचाच उपयोग नाही. शिवाय एकदा गाडी आडवी झाली की प्लॅस्टिकच्या नाजूक खाचा मोडतात आणि मोठा खर्च पदरात पडतो. शर्यतीचे कवच बहुधा काचतंतू आणि रेझिन यांचे, म्हणजे आपल्या बोलीत ‘फायबर’चे असते, महागडे असेल तर कार्बनचे. त्याचे भाग थोडे : नाकाचा व बाजूंचा वरचा भाग, खालची परात आणि मागचे आसन. मोडले तरी गॅरेजातच काचकापड आणि रेझिन लावून सांधता येते.

मात्र यात एक मेख आहे. असे कवच पुष्कळदा भोकांशिवाय येते. साचा हाताने भरलेला असल्यामुळे त्याची जाडी सर्वत्र सारखी नसते आणि दोन कवचे अगदी तंतोतंत एकसारखी निघत नाहीत. ते गाडीवर बसवणे हे शिंप्याने अंगावर कपडा बेतावा तसे काम आहे. आणि इथेच बहुतेकांची घाई नडते.

कवचावर काय बेतते?

आधी वाऱ्याचे गणित पाहू. ताशी २०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १८५० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १९० किलो वजनाइतका असतो. कवचाचा वहीच्या दोन-तीन पानांएवढा, म्हणजे एकदशांश चौरस मीटरचा एखादा भाग जरी सुटून वाऱ्याला आडवा आला, तरी त्यावर १९ किलोचा जोर येतो. एक स्क्रू गेला की शेजारच्या स्क्रूवर भार पडतो, तो गेला की त्याच्या शेजारच्यावर. अशा रीतीने एका फेरीत अख्खी बाजू उचकटू शकते.

दुसरा शत्रू कंपन. इंजिन मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला २०० फेरे होतात आणि वीस मिनिटांच्या एका सत्रात २ लाख ४० हजार. तेवढ्या वेळा प्रत्येक स्क्रूला हादरा बसतो. आपल्याला वाटते की स्क्रू ढिला होतो तो पुरेसा आवळला नाही म्हणून. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगांनी दाखवून दिले की बोल्ट आपोआप उलटा फिरतो तो मुख्यतः आडव्या हालचालीमुळे. जोडलेले दोन भाग एकमेकांवर डावी-उजवीकडे सरकू लागले की आट्यांमधील घर्षणाची पकड सुटते आणि बोल्ट स्वतःहून मोकळा होतो. पोलादी भागांत यावर उपाय म्हणजे ते घट्ट आवळून सरकूच द्यायचे नाहीत. फायबरला तो उपाय चालत नाही. फायबर आवळले की चिरडते, भोकाच्या कडेला केसासारखी भेग पडते आणि पुढच्या कंपनांनी ती वाढत जाते.

म्हणून फायबर बसवताना वेगळाच विचार करावा लागतो. कवच जागेवरून हलता कामा नये, पण त्याला किंचित श्वास घेता आला पाहिजे. गॅरेजमधले वयस्कर मिस्त्री हे एका वाक्यात सांगतात : “पोरा, आवळायला ताकद कुणाकडं बी असती, कुठं थांबायचं ते कळाय पायजे.”

बसवण्याची रीत

पहिला नियम असा की ड्रिल शेवटी हातात घ्यायचे. आधी संपूर्ण कवच चिकटपट्टीने गाडीवर नुसते लावून पाहायचे. सुरुवात नाकापासून करायची, कारण पुढचा लोखंडी सांगाडा आणि हवेच्या नळीचे तोंड यांच्या जागा पक्क्या असतात. बाकीच्या भागांना त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. मग मागचे आसन, आणि सर्वांत शेवटी खालची परात.

या अवस्थेत चार गोष्टी तपासतात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर अंगठा किंवा ब्रेकची दांडी कवचाला अडकत नाही ना? पुढचा फोर्क पूर्ण दबला तर चाक कवचाला किंवा रेडिएटरला टेकणार नाही ना? सायलेन्सरची नळी आणि फायबर यांत निदान बोटभर अंतर आहे ना? आणि गाडी वळणावर कलली की परातीचा कोपरा जमिनीला घासणार नाही ना? नळीजवळच्या भागाला आतून ॲल्युमिनियमची उष्णता परतवणारी पट्टी चिकटवतात, कारण तापले की रेझिन मऊ पडते.

यानंतर भोकांच्या खुणा. दादाच्या गॅरेजात यासाठी पाण्यात कालवलेले कुंकू वापरतात. गाडीवरच्या प्रत्येक खुंटीच्या टोकाला कुंकवाचा ठिपका द्यायचा, कवच जागेवर अलगद दाबायचे आणि उचलायचे. आतल्या बाजूला नेमकी खूण उमटते. खूण कवचाच्या कडेच्या फार जवळ आली तर ती जागा टाळतात. भोकाच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर कडेपर्यंत राहिले पाहिजे, नाहीतर कड फाटते.

भोक पाडताना बाहेरच्या बाजूला मास्किंग टेप लावतात, म्हणजे वरचा चकचकीत थर उडत नाही. मागे लाकडाचा ठोकळा धरतात. प्रथम तीन मिलिमीटरचे भोक, मग ते टप्प्याटप्प्याने मोठे. सहा मिलिमीटरच्या स्क्रूसाठी भोक साधारण सात-साडेसात मिलिमीटरचे ठेवतात. हे पाहून मला प्रथम नवल वाटले होते. भोक सैल कशासाठी? कारण गाडी तापते, सांगाडा प्रसरतो, कवच थरथरते. या हालचालीला जागा मिळाली नाही तर स्क्रूची कड फायबरला करवतीसारखी कापू लागते. भोकाची कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करतात, कारण भेग नेहमी खरखरीत कडेपासून सुरू होते. जिथे जास्त भार येतो तिथे आतून काचकापडाचे दोन-तीन थर चढवून जागा जाड करतात. या कामात उडणारी धूळ बारीक काचेची असते. तोंडाला मास्क आणि हातभर बाह्या याशिवाय मिस्त्री कोणालाही जवळ उभे राहू देत नाहीत.

आता स्क्रूखाली काय घालायचे? रुंद वॉशर हवाच, म्हणजे भार मोठ्या जागेवर पसरतो. त्याखाली रबरी ग्रोमेट आणि ग्रोमेटच्या पोटात धातूची छोटी नळी. ही नळी फार महत्त्वाची. स्क्रू घट्ट आवळला जातो तो या नळीवर. रबर आणि फायबर मात्र ठरावीक मर्यादेपर्यंतच दाबले जातात. अशा रीतीने बोल्टला हवी असलेली घट्ट पकड आणि कवचाला हवी असलेली मोकळीक या दोन्ही गोष्टी एकाच जागी साधतात. युंकरच्या प्रयोगाचा धडा इथे नेमका कामी येतो : आडवी हालचाल रबर गिळते, ती आट्यांपर्यंत पोहोचतच नाही. जिथे मागे नट धरायला हात जात नाही, तिथे पितळी आट्यांचा रबरी नट वापरतात. स्क्रू आवळला की तो मागच्या बाजूला फुगतो आणि अडकून बसतो. धातूत जाणाऱ्या स्क्रूंच्या आट्यांना निळ्या रंगाचे, पुन्हा उघडता येईल असे थ्रेडलॉक लावतात.

दोन भागांच्या सांध्यावर बहुधा चतुर्थांश फेऱ्याचे खिळे वापरतात. त्यांना ‘झूस’ म्हणतात. हे विल्यम झूस यांचे नाव. १९३०च्या दशकात अमेरिकेत त्यांनी हे खिळे विमानांची झाकणे बसवण्यासाठी प्रचारात आणले. खिळ्याच्या दांड्यावर नागमोडी खाच असते आणि मागच्या बाजूला तारेची स्प्रिंग. पाव फेरा दिला की तार खाचेतून चढत जाते आणि टोकाच्या खोबणीत ‘टक्’ असा आवाज करून बसते. दोन सत्रांच्या मधल्या वेळात मिनिटभरात कवच उतरवता येते हा याचा मोठा फायदा. पण दांड्याची लांबी जोडाच्या जाडीशी जुळली पाहिजे. दांडा लांब झाला तर जोड खुळखुळतो. आखूड झाला तर जोर लावून बसवावा लागतो आणि स्प्रिंग लवकरच दम सोडते. हाताने भरलेल्या फायबरची जाडी जागोजागी बदलते, म्हणून मिस्त्री प्रत्येक सांध्यावर जाडी मोजूनच खिळा निवडतात.

सर्व स्क्रू आधी दोन-तीन आटे लावून ठेवायचे आणि मग आळीपाळीने आवळायचे. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे वळले तर कवच पिळले जाते आणि शेवटचे भोक काही केल्या जुळत नाही.

हवेच्या नळीची गोष्ट

अशा गाड्यांच्या नाकावर एक तोंड असते. तिथून हवा नळीने एअरबॉक्समध्ये आणि पुढे इंजिनात जाते. वेगाच्या जोरावर हवा आत कोंबणारी ही रचना कावासाकीने १९९० साली झेडझेड-आर ११०० या विक्रीच्या गाडीवर आणली. शर्यतीच्या कवचाबरोबर कारखान्याची नळी पुष्कळदा जुळत नाही, म्हणून फायबरची किंवा कार्बनची रुंद नळी बसवतात.

ही नळी बसवली की गाडी कितीतरी जोरात पळेल, अशी अनेकांची समजूत असते. गणित काय सांगते? ताशी १०० किलोमीटरला हवेचा हा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. २०० ला तो जेमतेम १.८ टक्के आणि ३०० ला सुमारे ४ टक्के. फायदा यापेक्षा अधिक होऊ शकत नाही. उलट हवा तापली की विरळ होते. साधारण तीन अंशांना एक टक्का या हिशेबाने. नळीच्या सांध्याला फट राहिली आणि तिथून रेडिएटरमागची पंधरा अंशांनी तापलेली हवा आत शिरली, तर पाच टक्क्यांपर्यंत तोटा होतो. म्हणजे २०० च्या वेगाला जे मिळवायचे त्याच्या दुपटीहून अधिक एका फटीतून निघून जाते! म्हणून नळीच्या रुंदीपेक्षा तिच्या सांध्यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. कवच आणि नळी यांच्यामध्ये बंद छिद्रांच्या फोमची पट्टी लावतात. ती किंचित दाबली गेली पाहिजे. नळीचा भार कवचावर टाकत नाहीत. तिला सांगाड्याचा वेगळा आधार देतात, म्हणजे कवच थरथरले तरी सांधा उघडत नाही.

आणि यात निव्वळ वेगाचाच प्रश्न नाही. नळी सुटून मागे सरकली आणि थ्रॉटलच्या तारेला किंवा चाकीला अडली, तर मूठ सोडली तरी इंजिन मंदावत नाही. वळणावर याचा अर्थ काय, हे सांगायला नको. म्हणून नळी बसवल्यावर इंजिन बंद ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत प्रत्येक ठिकाणी मूठ पिळून सोडून पाहतात. ती स्वतःहून ‘खट्’ करून परत आली पाहिजे. काम चालू असताना नळीचे तोंड स्वच्छ फडक्याने बांधतात आणि काम संपले की ते फडके सर्वांना दाखवून बाजूला ठेवतात. आत पडलेला एक वॉशर संपूर्ण इंजिनाचा जीव घेऊ शकतो.

शेवटची तपासणी

ऑईलचे बूच आणि फिल्टर यांना बारीक पोलादी तार बांधतात. तार अशा दिशेने ओढलेली असते की बूच सुटू लागले तर तीच त्याला आवळते. प्रत्येक महत्त्वाच्या स्क्रूवर रंगाची एक रेघ मारतात, अर्धी स्क्रूवर आणि अर्धी शेजारच्या भागावर. सत्र संपल्यावर रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला हे तत्काळ कळते. यानंतर पहिल्या दोन-तीन फेऱ्या हळू मारून गाडी परत आणायची आणि सारे स्क्रू पुन्हा पाहायचे. ट्रॅकवरचे तांत्रिक तपासनीस गाडीभोवती फिरून कवच हाताने हलवून पाहतात, ते उगाच नाही. कोणाच्या गाडीचा भाग लोंबताना दिसला तर त्याचा क्रमांक आणि नारिंगी वर्तुळाचा काळा झेंडा दाखवतात. त्याने ताबडतोब बाहेर पडायचे असते. ट्रॅकवर ऑईल सांडले असेल तर पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचा झेंडा दाखवतात.

गेल्या वर्षी एका सराव सत्रात हे झेंडे हलायच्या आधीच जे घडले ते मी कठड्यामागून पाहिले. सरळ पट्ट्यावर एका गाडीच्या खालच्या कवचाचा तुकडा उडाला. ज्याचा तो तुकडा होता, त्याला काही कळलेच नाही. तो पुढच्या वळणावर निघूनही गेला. मागून येणाऱ्या मुलाने तुकडा चुकवण्यासाठी गाडी वळवली आणि तो वाळूत जाऊन पडला. त्याच्या गळ्याचे हाड मोडले. तो मुलगा माझ्याच वयाचा होता. त्याची गाडी, त्याचे स्क्रू, त्याच्या तारा सारे काही ठीक होते. नंतर तो तुकडा कोणीतरी उचलून आणला. त्यावरची दोन्ही भोके कडेपर्यंत फाटलेली होती आणि वॉशर अगदी लहान होते.

त्या संध्याकाळी दादाने स्वतःच्या गाडीचे सारे कवच उतरवले आणि एकेक स्क्रू पुन्हा बसवला. त्यात एकही ढिला नव्हता. मी विचारले, “दादा, मग उघडलंस कशाला?” तो म्हणाला, “मागं कोण असतंय ते आपल्याला दिसत नाही रे. म्हणून.”

मित्रहो, आपल्यापैकी फार थोडे जण कधी शर्यतीच्या ट्रॅकवर जातील. पण आपल्या सर्वांच्या हातून अशी कामे होतात की ज्यांचे दोष आपल्याला बाधत नाहीत, मागून येणाऱ्याला बाधतात. वसतिगृहातल्या विजेच्या तारेला केलेला कच्चा जोड असो किंवा स्नेहसंमेलनाच्या मंडपाची घाईत मारलेली गाठ असो, ते काम निगुतीने करणे हे त्या न दिसणाऱ्या माणसाचे आपल्यावरील देणे आहे. शर्यत कोण जिंकले हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते. रुंद वॉशर कोणी लावला होता हे कोठेच छापून येत नाही. तरीही तो लावावा लागतो.